द्युब्रोयविल: ५७६ माणसांची फ्रेंचभाषक टाउनशिप आणि तिच्या लोकसंख्येचा हिशेब

उत्तरवारा (धागाकर्ता)

ओंटारियो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा येतात. त्याच प्रांतात उत्तरेला मात्र दुकानात, सभेत आणि शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणारी गावं आहेत. त्यांतल्या द्युब्रोयविलबद्दल हा धागा आहे. इंग्रजी बोलणारे साधारण 'डुब्रीव्हिल' म्हणतात.

जागा अशी: अल्गोमा जिल्हा, सुपिरियर सरोवराच्या ईशान्येला. सू सेंट मरीहून महामार्ग १७ ने वावा गाठायचं, तिथून आणखी सुमारे ४० किलोमीटर वर जाऊन उजवीकडे महामार्ग ५१९ धरायचा. तो सुमारे ३० किलोमीटर जंगलातून जातो आणि गावात संपतो. क्षेत्रफळ जेमतेम ९० चौरस किलोमीटर.

जनगणनेतले आकडे:

२००१: ९६७
२००६: ७७३
२०११: ६३५
२०१६: ६१३
२०२१: ५७६

वीस वर्षांत गाव चाळीस टक्क्यांनी आटलं. आणि याच काळात गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत सोन्याच्या खाणी वाढल्या. आयलंड गोल्डचं व्यापारी उत्पादन २००७ मध्ये सुरू झालं, शेजारी मॅजिनोची उघडी खाण आली. २०२४ पासून दोन्ही अलामोस गोल्ड या एकाच कंपनीकडे आहेत. खाण फुगते आणि गाव रोडावतं, हे कसं? आणि 'फ्रेंचभाषक गाव' म्हणताना नेमकं कोणाला मोजतात? जाणकारांनी लिहावं. कॅनडा किती सुंदर आहे, ते दुसऱ्या धाग्यावर.

मीटरगेज

आधी गाव तिथे का आहे ते बघा, म्हणजे अर्धं उत्तर मिळेल.

ही गिरणीची वसाहत आहे, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीची. १९६१ मध्ये द्युब्रोय बंधूंच्या कंपनीने ती वसवली. घरं, दुकान, रस्ते, सगळं कंपनीचं. कामगार मुख्यतः क्युबेककडून आलेले फ्रेंचभाषक, म्हणून गावाची भाषा पहिल्या दिवसापासून फ्रेंच. नगरपालिका म्हणून नोंद १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे गाव आधी आणि पंचायत नंतर, तीही कंपनीच्या सावलीत.

अल्गोमा सेंट्रलचा लोहमार्ग गावाजवळून जातो. लाकूड बाहेर काढायला तोच आधार होता. त्यावरची सू सेंट मरी ते हर्स्ट प्रवासी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून माणसांसाठी ५१९ हा एकच रस्ता.

गिरणी २००८ च्या सुमारास बंद पडली. आकड्यांत मात्र पहिली मोठी घसरण (९६७ वरून ७७३) त्याच्या आधीच दिसते. लोक सगळा दोष गिरणीच्या कुलपाला देतात, पण यंत्रं आली, पाळ्या कमी झाल्या, मुलं शिकायला सडबरी-ओटावाला गेली ती परतली नाहीत, हे सगळं कुलूप लागायच्या आधीचं आहे.

शिरगणती

खाणीचं कोडं 'नेहमीचं राहण्याचं ठिकाण' या एका व्याख्येत आहे.

कॅनडाची जनगणना माणूस त्या रात्री कुठे झोपला हे विचारत नाही, त्याचं कायमचं घर कुठे हे विचारते. नियम थोडक्यात असे:

१. एकापेक्षा जास्त घरं असतील तर वर्षातला जास्त वेळ जिथे जातो ते घर.
२. कामासाठी बाहेर राहणारा पण बायकामुलांकडे परतणारा माणूस कुटुंबाच्या घरी मोजला जातो, आठवड्यातले कितीही दिवस बाहेर काढले तरी.
३. कामगार छावणी हे 'सामूहिक निवासस्थान'. तिथल्या ज्याला दुसरीकडे घर आहे तो तिकडे धरला जातो. कुठेच घर नसेल तरच छावणीच्या पत्त्यावर.

आता खाणीची पाळी बघा. चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी, किंवा सात-सात. सुट्टीला माणूस टिमिन्स, सडबरी, सू किंवा क्युबेकला जातो. तो वर्षातले सहा महिने तिथलं पाणी पितो, तिथला रस्ता वापरतो, अपघात झाला तर वावाच्या लेडी डन रुग्णालयात जातो, पण मोजला जातो सडबरीत. गिरणीचा कामगार संध्याकाळी घरी यायचा आणि ते घर गावात होतं. खाण कितीही वाढली तरी गावाच्या आकड्यात तिचं प्रतिबिंब पडत नाही, ते यामुळे.

अल्बर्टात तेलाच्या पट्ट्यात यासाठी 'छाया-लोकसंख्या' असा शब्दच आहे. वुड बफेलो (म्हणजे फोर्ट मॅकमरे) स्वतःची वेगळी मोजणी करून छावण्यांतली माणसं त्यात धरतं.

आणखी एक खूण. सेन्सस प्रोफाइलमध्ये (जनगणनेतल्या गावनिहाय माहितीच्या तक्त्यात) घरांचे दोन आकडे असतात: 'एकूण खाजगी घरं' आणि 'नेहमीचे रहिवासी असलेली खाजगी घरं'. लोक दुसरा उचलतात आणि पहिला सोडून देतात. बघायची असते दोघांतली फट. गावातलं घर पाळीच्या कामगारांना दिलं असेल आणि त्या सगळ्यांची कायमची घरं दुसरीकडे असतील, तर दिवे लागलेले असूनही ते घर दुसऱ्या आकड्यात येत नाही. फट मोठी म्हणजे गाव ओसाड, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये.

खडूफळा

छान माहिती. पण टाउनशिप म्हणजे दहा मैल गुणिले दहा मैल ना? मग ९० चौरस किलोमीटर कसे? आणि खाणी टाउनशिपच्या हद्दीत असतील तर करापोटी गाव श्रीमंत असायला हवं.

सातबारा

खडूफळा, दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे, तिथे सगळेच अडखळतात.

पहिली मोजणीची टाउनशिप. सरकारी भूमापकाने जंगलावर आखलेला चौकोन. क्युबेकच्या ईस्टर्न टाउनशिप्समध्ये तो साधारण १० मैल गुणिले १० मैल, उत्तर ओंटारियोत बऱ्याच ठिकाणी ६ गुणिले ६. याला ना सरपंच, ना सभा. आपल्याकडे मौजा असतो तसं काहीसं, फक्त वस्ती असलीच पाहिजे असं नाही.

दुसरी कारभाराची टाउनशिप, म्हणजे नगरपालिका. हिला निवडून आलेलं मंडळ असतं, कर बसवायचा अधिकार असतो. फ्रेंचमध्ये दोन्हींना 'कांतों'च म्हणतात, त्यामुळे भाषा बदलूनही घोळ सुटत नाही. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या (जनगणना करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) तक्त्यात ओंटारियोच्या कारभारी टाउनशिपपुढे 'टीपी' आणि क्युबेकच्या कांतोंपुढे 'सीटी' ही खूण असते. हा दर्जा बघूनच तुलना करावी.

द्युब्रोयविल ही दुसऱ्या प्रकारची. आयलंड गोल्ड जेकबसन टाउनशिपमध्ये आणि मॅजिनो फिनन टाउनशिपमध्ये आहे, या दोन्ही पहिल्या प्रकारच्या. तिथे नगरपालिकाच नाही. उत्तर ओंटारियोत काउंट्या नसतात, जिल्हे असतात, आणि जिल्ह्याचा बराचसा भाग 'असंघटित प्रदेश' असतो. तिथला जमीनकर प्रांत गोळा करतो. शिवाय जमिनीखालच्या खनिजावर ओंटारियोत मालमत्ता कर लागत नाही आणि खाणकर प्रांताकडे जातो. तेव्हा शेजारी सोनं निघतं म्हणून पंचायतीच्या तिजोरीत काही पडतं असं नाही. पडलं तर ते वाटाघाटीने झालेल्या करारांतून.

हद्दीबाहेर जंगलात बंगली बांधून राहणारा माणूस गावातच किराणा घेतो, पण ५७६ मध्ये तो नाही. तो 'अल्गोमा, असंघटित, उत्तर भाग' या वेगळ्या ओळीत सापडेल.

शिरगणती

आता भाषेकडे. 'गावात फ्रेंचभाषक किती' याला चार वेगळी उत्तरं येतात आणि चारही बरोबर असतात.

मातृभाषा: लहानपणी घरी पहिल्यांदा शिकलेली आणि *अजूनही समजणारी* भाषा. समजेनाशी झाली असेल तर पुढे शिकलेली भाषा लिहायची.

घरी सर्वाधिक बोलली जाणारी भाषा: मिश्र लग्नांमुळे हा आकडा ओंटारियोत बहुतेक ठिकाणी मातृभाषेपेक्षा कमी असतो. गाव किती टिकेल ते यावरून कळतं.

ज्ञान: फ्रेंचमध्ये संभाषण करता येतं का. यात शाळेत शिकलेले इंग्रजीभाषकही येतात, म्हणून हा आकडा सर्वांत मोठा.

प्रथम अधिकृत भाषा: हा प्रश्न अर्जावर नसतोच. आधी ज्ञान, मग मातृभाषा, मग घरची भाषा, अशा क्रमाने गणित करून तो काढतात. जिथे इंग्रजी-फ्रेंच बरोबरीत सुटतात त्यांतले अर्धे फ्रेंच अल्पसंख्याकांत धरतात.

यावर ओंटारियोचं स्वतःचं पाचवं माप आहे, २००९ पासूनचं. मातृभाषा फ्रेंच असलेले, अधिक ज्यांची मातृभाषा इंग्रजीही नाही, फ्रेंचही नाही, पण ज्यांना फ्रेंच चांगली येते आणि जे घरी फ्रेंच वापरतात ते. काँगो, हैती, अल्जीरियाहून आलेली कुटुंबं त्यामुळे गणतीत आली. या मापाने २०२१ मध्ये प्रांतात ६,५२,५४० फ्रेंचभाषक, म्हणजे ४.६ टक्के. द्युब्रोयविलसारख्या ठिकाणी मातृभाषेचा आणि या पाचव्या मापाचा आकडा जवळजवळ सारखा येतो, टोरांटोत बराच फरक पडतो.

छोट्या गावाच्या बाबतीत चुका ठरलेल्या आहेत.

मातृभाषेच्या तक्त्यात 'एकच उत्तर' आणि 'एकाहून अधिक उत्तरं' असे दोन भाग असतात. 'इंग्रजी आणि फ्रेंच' लिहिणारे दुसऱ्या भागात. फक्त पहिला भाग वाचला तर त्यांतले फ्रेंचवाले गळतात.

दुसरं, गोपनीयतेसाठी तक्त्यांतला प्रत्येक आकडा ५ च्या पटीत गोल करतात आणि तोही यादृच्छिक रीतीने. खरा आकडा १२ असेल तर पाचांत तीनदा १० छापला जाईल, दोनदा १५. मोठ्या शहरात याने काही बिघडत नाही. पण द्युब्रोयविलमध्ये '१० जण इटालियन बोलतात' दिसलं म्हणून त्यावर लेख पाडायला बसू नये, ते सहाजणही असू शकतात. पोटविभागांची बेरीज एकूणाशी जुळत नाही ती याचमुळे. गावाची एकूण लोकसंख्या मात्र गोल करत नाहीत, ५७६ म्हणजे मोजलेले ५७६.

तिसरं, शिक्षण, प्रवास, कामाची भाषा ही माहिती लांब अर्जातून येते आणि तो चारांतल्या एका घरालाच जातो. गावात २५० घरं धरली तर साठेक घरांच्या उत्तरांवर सगळा डोलारा. 'पदवीधर ४ टक्क्यांनी वाढले' याचा अर्थ एक शिक्षक जोडपं राहायला आलं एवढाच असू शकतो. मातृभाषा आणि घरची भाषा छोट्या अर्जावर, म्हणजे सगळ्यांना विचारतात, तेव्हा त्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

जिभाळ

एक भर. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलायची ती. ती आता समजते का, हा प्रश्नच नाही. कॅनडात 'अजूनही समजणारी' ही अट आहे. बडोदा-इंदूरकडच्या मराठी घरांचे आकडे कॅनडाच्या मापाने मोजले तर वेगळे येतील. दोन देशांचे मातृभाषेचे तक्ते शेजारी ठेवून 'भाषा कुठे जास्त टिकते' असे लेख येतात, त्यांत हा फरक कोणी सांगत नाही.

खडूफळा

टाउनशिपचा घोळ सुटला, आभार. शाळेबद्दल मी लिहितो, कारण छोट्या फ्रेंच गावात शाळा गेली की गावाची भाषाही जाते.

कॅनडाच्या हक्कांच्या सनदेचं कलम २३ सांगतं की क्युबेकबाहेर फ्रेंच शाळेचा हक्क *पालकाला* आहे, आणि तो तीन वाटांनी मिळतो: पालकाची मातृभाषा फ्रेंच असेल, पालकाचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमध्ये झालं असेल, किंवा एखादं मूल आधीच फ्रेंच शाळेत शिकत असेल. पुढे अट, 'संख्येने समर्थनीय असेल तिथे'. माहे विरुद्ध अल्बर्टा (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आज किती मुलं येतात एवढंच बघू नका, सेवा दिली तर किती येऊ शकतील तेही बघा.

गंमत अशी की २०२१ पर्यंत जनगणनेत फक्त पहिली वाट दिसायची. पालक फ्रेंच शाळेत शिकलाय का, हे कोणी विचारतच नव्हतं. २०२१ मध्ये ते प्रश्न छोट्या अर्जात आले. २०१६ चा आणि २०२१ चा हक्कदार मुलांचा आकडा शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणणं चूक आहे. मुलं तेवढीच असतील, प्रश्न वाढले.

ओंटारियोत फ्रेंच शाळामंडळं १२ आहेत, ४ सार्वजनिक आणि ८ कॅथलिक. 'फ्रेंच इमर्शन' हा वेगळा प्रकार, तो इंग्रजी मंडळांच्या शाळांतला, फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग आहे. इमर्शनची पोरं फ्रेंच शाळेच्या पटात मोजू नयेत. माहितीपर लेखांत ही चूक सर्रास दिसते.

सातबारा

कारभाराचं राहिलं होतं.

मंडळात ओंटारियोच्या कायद्याने किमान पाच जण, त्यांत एक प्रमुख. (महाराष्ट्रात लहानात लहान ग्रामपंचायतीलाही सात.) निवडणूक चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी. मत द्यायला तिथे राहणं गरजेचं नाही. कॅनडाचा नागरिक, अठरा पूर्ण, आणि गावात जमीन किंवा घर मालकीचं वा भाड्याचं असलं तरी पुरतं. मतदारयादीवरून लोकसंख्येचा अंदाज बांधणारे इथे फसतात: यादीत बाहेरगावचे मालक असतात आणि गावातली मुलं नसतात.

भाषेचा नियम तर अजबच. ओंटारियोच्या नगरपालिका कायद्याप्रमाणे सभेचं कामकाज फ्रेंचमध्ये चालवता येतं. पण उपविधी आणि ठराव एकतर इंग्रजीत, नाहीतर दोन्हींत. फक्त फ्रेंचमध्ये चालत नाहीत. सगळं मंडळ घरी फ्रेंच बोलणारं असलं तरी! म्हणजे प्रत्येक उपविधीला अनुवादाचा खर्च, आणि तो वाटून घ्यायला सहाशेहून कमी माणसं. १९८६ चा फ्रेंच सेवा कायदा यात मदत करत नाही. तो प्रांताच्या कार्यालयांना लागू आहे (अल्गोमा जिल्हा त्यात नेमलेला आहे), नगरपालिकांना नाही.

आता पैसा. लोकसंख्या कमी झाली की खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, हे पाण्यावरून सांगतो. ओंटारियोतल्याच वॉकर्टन गावात २००० मध्ये दूषित पाण्याने सात माणसं दगावली, त्यानंतर नियम कडक झाले. शंभरहून अधिक घरांच्या नगरपालिकेच्या नळयोजनेत दर महिन्याला वितरणवाहिनीचे किमान ८ नमुने, अधिक दर हजार माणसांमागे १. गावात ९६७ माणसं असोत की ५७६, आठ नमुने काढायचेच. तेच पंप, तीच परवानाधारक माणसं, तीच नळांची लांबी. उणे तीस अंशांत नळ गोठून फुटला की खणायचा खर्चही तोच.

अनुदानाची बाजू बघताना कोणता निधी कशावर वाटला जातो ते तपासा. केंद्राचा समुदाय-उभारणी निधी ओंटारियोत दरडोई, जनगणनेच्या आकड्यावर मिळतो. म्हणजे खाणकामगार सडबरीत मोजला गेला की त्याचा वाटाही सडबरीला. प्रांताच्या उत्तर विभागाच्या अनुदानाचा एक भाग मात्र *घरांच्या* संख्येवर असतो. तिथे माणसं घटली तरी घरं शाबूत असतील तर गाव तेवढं मार खात नाही.

हे सगळं टोकाला गेलं की काय होतं ते फोकिए-स्ट्रिकलंडला दिसलं. तीही उत्तर ओंटारियोतली फ्रेंचबहुल टाउनशिप, वस्ती पाचशेच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये तिथल्या मंडळाने सुमारे २५ लाख डॉलरची तूट सांगून १ ऑगस्टपासून जवळपास सगळ्या सेवा बंद कराव्या लागतील असा इशारा दिला होता. कर वाढवून भरून निघण्यासारखी ती तूटच नव्हती. पाचशे डोक्यांत वाटली तर माणशी पाच हजार डॉलर होतात.

तळटीप

वाचतोय. आकडे स्वतः काढायचे तर नेमकं कुठे बघायचं? शोधयंत्रात तीन वेगळे आकडे आले.

शिरगणती

तळटीप, असं करा:

१. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या संकेतस्थळावर 'सेन्सस प्रोफाइल, २०२१' उघडा. शोधात गावाचं नाव टाका.
२. एकाच नावाच्या दोन-तीन ओळी येऊ शकतात. दर्जा 'सेन्सस सबडिव्हिजन' आणि कंसात 'टीपी' असलेली निवडा. कोड ३५५७ ने सुरू व्हायला हवा (३५ ओंटारियो, ५७ अल्गोमा).
३. वरच्या ओळींत २०२१ आणि २०१६ ची लोकसंख्या एकत्र असते. २०१६ चा आकडा जुन्या प्रकाशनातला न घेता इथलाच घ्या. हद्द बदलली असेल तर तो नव्या हद्दीनुसार दुरुस्त केलेला असतो.
४. प्रत्येक विभागाच्या शीर्षकात '१०० टक्के' की '२५ टक्के नमुना' ते लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, मग आकडा.
५. टक्केवारी छापू नका, माणसं छापा. ६१३ वरून ५७६ म्हणजे ३७ माणसं. पाच जणांचं एक कुटुंब गेलं की जवळपास एक टक्का गेला.

तीन आकडे दिसण्याचं कारण बहुधा असं: एक जनगणनेचा, एक १ जुलैचा वार्षिक अंदाज (गणतीतून सुटलेल्यांची भर घालून केलेला), आणि एक गावाच्या वेशीवरच्या पाटीचा. पाटी रंगवून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात!

व्हिसावाला

या गावात मराठी वाचकाचा संबंध येण्याची एक खरीखुरी वाट आहे, म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाने 'फ्रेंचभाषक समुदाय स्थलांतर' ही प्रायोगिक योजना जाहीर केली. निवडलेल्या सहा ठिकाणांत 'सुपिरियर ईस्ट' हा टापू आहे. वावा, व्हाइट रिव्हर, चॅपलो वगैरेंबरोबर द्युब्रोयविल त्यात येतं.

क्रम असा. आधी टापूच्या आर्थिक विकास संस्थेने मालकाला 'मान्यताप्राप्त' ठरवायचं. मग त्या मालकाने नोकरी देऊ करायची. मग समुदायाची शिफारस. त्यानंतर कायम वास्तव्याचा अर्ज. एक्स्प्रेस एंट्रीच्या (कॅनडाच्या नेहमीच्या गुणांवर आधारित निवडपद्धतीच्या) गुणांशी याचा संबंध नाही. अनुभव मागच्या तीन वर्षांत संबंधित कामाचा किमान १,५६० तास. आणि फ्रेंच चारही अंगांत पातळी ५.

ही पातळी ५ लोक हलक्यात घेतात. 'टीसीएफ कॅनडा' परीक्षेत ती ऐकण्यात ३६९, वाचण्यात ३७५, लिहिण्यात आणि बोलण्यात २० पैकी ६. एका अंगात खाली आलात तर बाकी तीन उत्तम असून उपयोग नाही. आपल्याकडच्या मुलांचं वाचन चांगलं असतं आणि गाडी ऐकण्यात अडते. शिवाय परीक्षेतली फ्रेंच पॅरिसची, गावातली क्युबेकच्या वळणाची. 'त्यु'चा 'त्सु' होतो, 'दि'चा 'द्झि'. मुलाखत गावातला मालक घेणार असेल तर क्युबेकचा रेडिओ ऐकून कान तयार करा.

योजना प्रायोगिक आहे, जागांना वार्षिक मर्यादा असते आणि व्यवसायांची यादी बदलते. अर्ज करायच्या दिवशीची अधिकृत पानं वाचा, या धाग्यावर विसंबू नका. नोकरीचं पत्र द्यायला कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे, तिथेच थांबा. आणि नोकरीच्या आधी घराचं विचारा. रिकामी दिसणारी घरं खाणीच्या कामगारांसाठी धरून ठेवलेली असू शकतात, वर शिरगणतींनी सांगितलंय तेच.

मीटरगेज

व्हिसावाला, एक जोडा. वावा ते सू हा सव्वादोनशे किलोमीटरचा पट्टा हिमवादळात बंद करतात, कधी कधी दिवसभर. लांबचं विमान किंवा तज्ज्ञ डॉक्टरची वेळ गाठायची असेल तर हिवाळ्यात एक दिवस आधी निघायचं. गाडीत इंजिन-ब्लॉक हीटरची वायर हवी, ब्लँकेट आणि मेणबत्ती-काडेपेटी हवी. ५१९ वर मोबाइलच्या भरवशावर राहू नये. मूस (तिकडचं भलंमोठं हरीण) संध्याकाळी रस्त्यावर येतो आणि त्याचे पाय इतके उंच की हेडलाइटमध्ये डोळे चमकत नाहीत, धडक बसली तर धड थेट काचेवर येतं.

उत्तरवारा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिरगणती आणि सातबारांनी मिळून दिलं: कामगार दुसरीकडे मोजले जातात आणि खाण हद्दीबाहेर आहे. वर 'गावापासून' असं मोघम लिहिलं होतं, तिथे 'हद्दीबाहेर, असंघटित प्रदेशात' असं वाचावं. संपादनाची मुदत संपल्यामुळे तिथे बदलता येत नाही.

एक शंका उरली. छावणीतल्या ज्या माणसाला दुसरीकडे घरच नाही तो छावणीच्या पत्त्यावर मोजायचा, असं शिरगणती म्हणाले. पण छावणी असंघटित प्रदेशात असेल तर तो गावाच्या आकड्यात कधीच येणार नाही ना?

शिरगणती

बरोबर. तो 'अल्गोमा, असंघटित, उत्तर भाग' मध्ये जाईल. गावाच्या हद्दीत बांधलेल्या कामगार निवासात राहत असेल तरच द्युब्रोयविलचा. म्हणूनच निवास कुठे बांधायचा, हद्दीच्या आत की खाणीच्या दाराशी, हा प्रश्न गावाच्या मंडळाला महत्त्वाचा असतो. २०२६ च्या मोजणीचा संदर्भदिन १२ मे आहे. तिचे आकडे आले की आधी घरांच्या त्या दोन ओळींतली फट बघा, लोकसंख्या त्यानंतर.